पहिली खेळी कुणाची?

बुद्धिबळाच्या डावातल्या पहिल्या काही खेळ्या खेळाडूच्या स्वतःच्या नसतात. त्या परंपरेच्या असतात. मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना ही गोष्ट फार जवळची वाटते.

२८ जुलै २०२५. जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि अडतीस वर्षांची कोनेरू हम्पी समोरासमोर होत्या. तीन डाव बरोबरीत सुटलेले. चौथ्या, म्हणजे दुसऱ्या जलद डावात पांढरी मोहरी हम्पीकडे होती आणि तिने ‘कॅटलन’ हे ओपनिंग निवडले.

कॅटलनमध्ये राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकते आणि मोकळ्या झालेल्या घरातून उंट लांब तिरप्या पट्टीवर नजर ठेवतो. १९२९च्या बार्सिलोना स्पर्धेत यजमानांच्या विनंतीवरून तार्ताकोव्हरने ही मांडणी खेळली. नाव कॅटलोनियाचे पडले. पण हे एका घराचे प्यादे आपल्या ओळखीचे आहे. जुन्या देशी खेळात पहिल्या खेळीलाही प्यादे एकच घर चाले, म्हणून उंट बगलेने काढणे ओघानेच येई. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेनविरुद्ध याच वळणाने खेळले, आणि अशा बचावांना पुढे ‘इंडियन’ हे नाव मिळाले. आपलेच वळण परके नाव घेऊन परतते, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही.

मात्र त्या डावाचा निकाल ओपनिंगने दिला नाही. पाठ केलेले संपले, घड्याळ धावू लागले, दोघींच्याही हातून चुका झाल्या. पंचाहत्तराव्या खेळीला हम्पीने डाव सोडला. ग्रँडमास्टरपदाचा एकही नॉर्म नसताना स्पर्धेत आलेली दिव्या भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

आमच्या अणदूरचा खंडोबा ठरल्या तिथीला नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला जातो, ठरल्या तिथीला परततो. रीत ठरलेली, वाट मात्र दरवर्षी चालावीच लागते. आमचे विद्यार्थी गाइडमधली उत्तरे बिनचूक लिहितात. त्यांना पाठांतर सोडा, असे आम्ही सांगत नाही. हम्पीनेही ते सोडलेले नाही आणि दिव्यानेही नाही. आम्ही एवढेच विचारतो : कवितेवरचे तुमचे उत्तर कितव्या ओळीपासून तुमचे आहे? वर्ग गप्प होतो. त्या शांततेत कुणीतरी विचार करू लागलेले असते, आणि आमचा तास खरा तिथून सुरू होतो.