तंजावर : 'जेवलात का?' असे विचारणारे गाव

फिरतीची नोकरी लागली की पहिले वर्षभर तिचे मोठे कौतुक असते. नवी गावे, हॉटेलातला मुक्काम, हातात पडणारा प्रवासभत्ता. दोन-तीन वर्षे गेली की हेच कौतुक अंगावर येऊ लागते. सकाळी घाईघाईत चहा-बिस्किटे, दुपारचे जेवण चार वाजता आणि रात्री मिळेल ते तेलकट-तिखट. मग पित्त वाढते, झोप पुरी होत नाही, माणूस क्षुल्लक गोष्टींवरून चिडू लागतो. घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'जेवलास का?' जेवण झालेले नसले तरी 'हो' म्हणून विषय बदलायची सवय लागते.

औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, यंत्रे बसवून देणारे इंजिनीयर, बँकांचे हिशेब तपासनीस, कार्यशाळा घेणाऱ्या प्राध्यापिका अशा कितीतरी जणांना दक्षिणेत जावे लागते. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत कधी तंजावरचे नाव असेल, तर त्यांनी तेथे एक दिवस जास्त काढावा. कारण प्रवासी माणसाला पोटभर अन्न आणि घटकाभर विसावा या दोन गोष्टी लागतात, हे या गावाने शतकांपूर्वी ओळखले होते. आणि ते ओळखणारे राज्यकर्ते मराठी होते.

मराठी राजांची अन्नछत्रे

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी निधन पावले आणि इंग्रजांच्या कंपनीने ते राज्य संपुष्टात आणले. मधल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत या राजांनी देवळे, ग्रंथ, संगीत आणि नाट्य यांना आश्रय दिला. पण सामान्य वाटसरूच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे छत्रे.

रामेश्वरची यात्रा हा त्या काळी देशभरच्या लोकांचा आयुष्यातला मोठा प्रवास. काशीहून निघालेला माणूस महिनोन् महिने पायी चालत येई. त्याचा मार्ग तंजावरच्या मुलखातून जाई. या वाटेवर राजांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या खर्चासाठी जमिनी तोडून दिल्या. त्यांनाच तमिळमध्ये 'चत्तिरम' म्हणतात. नीडामंगलमचे छत्र प्रतापसिंह राजांची राणी यमुनाबाई हिच्या नावाने ओळखले जाते. तंजावरपासून सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडू येथे सर्फोजी राजांनी १८०२ साली आपल्या प्रिय मुक्तांबाबाईंच्या नावाने छत्र उभारले.

हे दुसरे सर्फोजी (१७७७-१८३२) १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि त्यांच्या ताब्यात तंजावरचा किल्ला व भोवतालचा थोडा भाग एवढेच उरले. सत्ता गेली तरी छत्रे चालू राहावीत याची त्यांना काळजी होती. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिले. छत्रांत काय काय चालते, हे त्यात सविस्तर सांगितले आहे.

त्या पत्रानुसार ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपर्यंत सर्व प्रवाशांना, तसेच जोगी, जंगम, बैरागी यांना तेथे शिजलेला भात मिळे. ज्यांना शिजलेले अन्न चालत नसे, त्यांना तांदूळ आणि मसाल्याचा शिधा देत. हे अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी जेवायचा राहिला असेल तर त्याने यावे, अशी हाक दिली जाई. आजारी पडलेल्या वाटसरूला औषध, पथ्याचे जेवण आणि बरे होईपर्यंत आसरा मिळे. लहान मुलांना दूध मिळे. बाळंतीण बाईला छत्रातच तीन महिने राहता येई आणि तिचा खर्च छत्र करी. परक्या प्रवाशांची पोरकी मुले शाळामास्तरांच्या हवाली केली जात आणि तेथेच वाढत.

घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या माणसाला मध्यरात्रीची ती घंटा म्हणजे केवढा आधार वाटला असेल! घरचे माणूस जे विचारते, तेच ती परक्या मुलखात विचारत होती. आजही तंजावरात रिक्षावाला असो की दुकानदार, थोडी ओळख झाली की 'साप्टिंगळा?' असे विचारतो. त्याचा अर्थ 'जेवलात का?' असाच आहे.

छत्रे आता पूर्वीसारखी चालत नाहीत. ओरत्तनाडूची इमारत पुढे विद्यार्थ्यांच्या निवासासाठी वापरली गेली. तिच्या जोत्यावर कोरलेले रथ ओढणारे हत्ती-घोडे अजून पाहायला मिळतात. पट्टुकोट्टैच्या बाजूला काम असेल, तर वाटेत दहा मिनिटे थांबून ही वास्तू जरूर पाहावी.

केळीच्या पानावर काय वाढतात?

मराठी माणूस दक्षिणेत दोन दिवस इडली-डोसा आवडीने खातो आणि तिसऱ्या दिवशी पोळी शोधू लागतो. येथे एक गंमत होते. तमिळनाडूत 'पोळी' मागितली की पुढ्यात येते गोड पदार्थ, आपल्या पुरणपोळीची धाकटी बहीण. साधी पोळी हवी असेल तर 'चपाती' म्हणावे. ती बहुतेक ठिकाणी संध्याकाळी मिळते.

पण दुपारी मात्र चपातीचा हट्ट सोडून केळीच्या पानावर जेवावे. साधी शाकाहारी मेस निवडावी. पान पुसून त्यावर भाजी, कूट म्हणजे डाळ घालून केलेली पातळसर भाजी, लोणचे आणि पापड वाढतात. मग गरम भात. पहिला भात सांबाराबरोबर, दुसरा रसमबरोबर आणि शेवटचा दही किंवा ताकाबरोबर. हा क्रम उगाच ठरलेला नाही. जड डाळीकडून हलक्या रसमकडे आणि शेवटी पोट शांत करणाऱ्या ताकाकडे जेवण सरकत जाते. वाढपी भाताचा डोंगर करतो, म्हणून 'पोदुम', म्हणजे 'पुरे', हा शब्द आधीच पाठ करून ठेवावा. दुपारी पुन्हा कामावर जायचे असेल तर सांबारभात बेताचा घ्यावा. ताकाला 'मोर' आणि दह्याला 'तयिर' म्हणतात. जेवण झाल्यावर पान आपल्या बाजूला दुमडायची पद्धत आहे.

सांबाराचा शोध तंजावरच्या राजवाड्यात लागला, अशी एक कथा सांगतात. शाहूजी राजांच्या वेळी संभाजी महाराज पाहुणे म्हणून आले, आमटीसाठी आमसुले नव्हती, म्हणून चिंच घातली आणि त्या आमटीला पाहुण्यांचे नाव मिळाले. ही कथा इतिहास म्हणून नव्हे, गंमत म्हणून ऐकावी. पण मराठी स्वयंपाकघराच्या खऱ्या खुणा येथे आहेतच. आपल्याकडे उडदाच्या पिठाचे डांगर करतात. तेच पीठ दह्यात कालवून, वर मोहरी-हिंगाची फोडणी देऊन केलेली पचडी तंजावरकडच्या घरांत 'डांगर पचडी' याच नावाने होते. उन्हातून आलेल्या माणसासाठी यासारखे थंड तोंडीलावणे नाही. ती हॉटेलात क्वचितच मिळते. कोणाच्या घरी जेवायचा योग आला, तर आवर्जून विचारावे.

राजांनाही खाण्याचा नुसता शौक नव्हता, तर त्याची नोंद ठेवण्याची हौस होती. सर्फोजींच्या मुदपाकखान्यातील पाककृतींची मराठी हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. 'सरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने ती ओळखली जातात. त्याही आधी, १७ व्या शतकात, एकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ पंडितांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. कोणते अन्न कोणाला मानवते, याचा विचार त्यात आहे. फिरतीवरच्या माणसाने हाच विचार रोज करायला हवा. सकाळी वाफवलेली इडली, दुपारी पानावरचे जेवण आणि रात्री दहीभात एवढे पाळले, तरी पित्ताच्या गोळ्यांची गरज कमी भासेल.

गोड खायची इच्छा झाली तर तिरुवैयारूचा 'अशोका हलवा' घ्यावा. मुगाच्या डाळीचा हा हलवा तुपाने निथळत असतो, तेव्हा बेतानेच. आणि पितळी पेला-वाटीतली फिल्टर कॉफी तर पावलोपावली मिळते. 'डिग्री कॉफी'साठी प्रसिद्ध असलेले कुंभकोणम येथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे.

मोठ्या देवळातली संध्याकाळ

पोटाची सोय झाली, आता मनाची. कामे आटोपली की हॉटेलच्या खोलीत टीव्हीसमोर पडून राहण्यापेक्षा सरळ बृहदीश्वराच्या देवळात जावे. गावातले लोक त्याला 'पेरिय कोविल', मोठे देऊळ, एवढेच म्हणतात. चोळ सम्राट पहिल्या राजराजाने बांधलेले हे देऊळ १०१० साली पूर्ण झाले. त्याचे शिखर सुमारे २०० फूट उंच आहे. १९८७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. संध्याकाळी अंगणात बसले की ती सावली डोळ्यांनी दिसते.

पाच वाजल्यानंतर दगड निवू लागतात. गावातली कुटुंबे येतात, म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकून बसतात, मुले नंदीभोवती पळतात. विशाल अंगणात कितीही माणसे आली तरी गर्दी वाटत नाही. येथे कोणी 'काय काम आहे?' असे विचारत नाही. दिवसभर लोकांशी बोलून थकलेल्या माणसाला तासभर न बोलता बसायला मिळणे, हे मोठेच सुख आहे. मोबाईल बंद करून बसावे. देवावर श्रद्धा असो वा नसो, मावळतीच्या उन्हात तांबूस होत जाणारे ते शिखर पाहताना उद्याच्या कामाची धास्ती कमी होते.

याच देवळाच्या आवारात नैर्ऋत्येकडील भिंतीवर मराठी वाचकासाठी एक ठेवा आहे. सर्फोजींनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास तेथे दगडात कोरून घेतला. तो लेख मराठीत आणि देवनागरी लिपीत आहे. चार दिवस एकही पाटी वाचता न आलेल्या माणसाला आपली अक्षरे अशी अचानक भेटतात, तेव्हा तो नकळत जवळ जाऊन एकेक शब्द जुळवू लागतो. अक्षरे बारीक आणि लेख प्रचंड आहे, सगळा वाचून होत नाही. पण एवढ्या दूर आपली भाषा बोलणारे कोणी राहून गेले, हे कळल्याने परकेपणा कमी होतो. तंजावरात मराठी घरे अजूनही आहेत. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ शब्द मिसळलेली असते.

आणखी अर्धा दिवस मिळाला तर तिरुवैयारूला जावे. कावेरीकाठचे हे गाव तंजावरहून सुमारे १३ किलोमीटरवर आहे. संत संगीतकार त्यागराज (१७६७-१८४७) येथे राहिले. सर्फोजींच्या दरबाराचे बोलावणे त्यांनी नाकारले आणि धनात सुख आहे की रामाच्या सान्निध्यात, असा प्रश्न 'निधि चाल सुखमा' या कृतीतून विचारला, असे परंपरेने सांगतात. त्यांची समाधी नदीच्या काठावर आहे. पौष वद्य पंचमीच्या आराधनेला तेथे देशभरचे गायक-वादक एकत्र गातात. एरवी तेथे शांतता असते. उन्हाळ्यात कावेरीत वाळूच दिसते. मेट्टूर धरणाचे पाणी सुटले की पात्र भरते आणि दोन्ही काठांची भातशेती हिरवी होते.

उद्दिष्टे, वसुली, बढती यांच्या मागे सतत धावणाऱ्याने समाधीपाशी बसून त्यागराजांचा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा. उत्तर म्हणून नोकरी सोडायची नसते. मात्र एखादे दुपारचे जेवण वेळेवर घ्यायचे आणि एखादी संध्याकाळ स्वतःसाठी ठेवायची, एवढे तरी ठरवता येते.

जाण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवा

मुंबई-पुण्याहून रेल्वेने किंवा विमानाने चेन्नईला जावे. तेथून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी तंजावर येते. जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीला, सुमारे ६० किलोमीटरवर आहे. नोव्हेंबरपर्यंत परतीच्या पावसाचा जोर असतो, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दुपारी देवळे बंद असतात, तेव्हा कामे दुपारी आणि दर्शन सकाळ-संध्याकाळी ठेवावे. देवळात अनवाणी जावे लागते. उन्हात दगड तापतात, म्हणून जाड मोजे जवळ असू द्यावेत. राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महालाचे संग्रहालय पाहायला तासभर पुरतो. सुटीचा दिवस आधी विचारून घ्यावा.

आणि घरच्यांनीही एक करावे. फिरतीवरच्या माणसाला 'किती काम झाले?' हे नंतर विचारावे, आधी जेवणाचे विचारावे. तंजावरला गेलेला माणूस त्या दिवशी तरी खरे उत्तर देईल. पुढच्या खेपेला तर त्याच्याबरोबर सगळ्या घराने जावे. मुलांना मोठे देऊळ पाहायला मिळेल, आजीला पानावरचे जेवण. आणि घरच्या गृहिणीलाही एकदा दुसऱ्या कोणीतरी आग्रहाने वाढलेले गरम अन्न बसून खाता येईल.