"विम्यात बसत नाही" हे उत्तर नेमकं कुणाचं?

सध्या आपल्या गावात जेसीबी गेला नाही अशी गल्ली शोधावी लागेल. भुयारी गटार, पाण्याची नवी लाईन, काँक्रीट रस्ता. कामं हवीच आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण बातम्यांच्या निमित्ताने फिरताना एकच वाक्य मी वेगवेगळ्या गल्ल्यांत, वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं: "ठेकेदार म्हणतो, विम्यात बसत नाही."

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या दारासमोर चर खोदायचा अजून बाकी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

जुन्या पेठेतल्या एका काकूंचं उदाहरण घेतो. नाव लिहीत नाही, त्यांची इच्छा नाही. घर दगड-मातीचं, वर पत्रे. भिंतीपासून दोन हातांवर गटाराचा चर खोदला, माणूस उभा बुडेल एवढा खोल. जमीन काळी. चराच्या कडांना फळ्यांचा आधार दिलेला नाही. दोन दिवस पाऊस लागला आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, बोट जाईल एवढा. काकू पालिकेत गेल्या. पालिकेने ठेकेदाराकडे बोट दाखवलं. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "काकू, काळजी करू नका, आमचा विमा आहे." दोन महिन्यांनी तोच माणूस म्हणाला, "विम्यात बसत नाही."

मी बातमी केली. मग माहिती अधिकारात पॉलिसीची प्रत मागितली. उत्तरात एक पान आलं, फक्त पहिलं. त्यावर ठेकेदाराचं नाव, कामाचं नाव, मुदत आणि 'थर्ड पार्टी लायबिलिटी' या ओळीपुढे लाखांतली रक्कम. पान बघून कुणालाही वाटेल की काकूंची भिंत सहज भरून निघेल. अपील केल्यावर उरलेली पानं मिळाली आणि खरी गोष्ट तिथे होती.

आता जरा कागद समजून घेऊ.

सार्वजनिक कामाच्या निविदेत साधारणपणे 'काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसीची अट असते. नावात 'ऑल रिस्क' असलं तरी त्यावर जाऊ नका. तिचे दोन भाग. पहिला भाग खुद्द कामाचा: बांधलेला नाला वाहून गेला, स्लॅब कोसळला, तर ठेकेदाराला भरपाई. दुसरा भाग तिऱ्हाइताचा, म्हणजे तुमचा-आमचा: कामामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर ठेकेदारावर येणारी कायदेशीर जबाबदारी विमा कंपनी उचलते. मजूर या भागात येत नाहीत, त्यांच्यासाठी कामगार भरपाईचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

दुसऱ्या भागाखाली 'यात काय येत नाही' अशी यादी असते. तिथे बहुतेक पॉलिसींमध्ये एक ओळ सापडते: कंपनामुळे, किंवा जमिनीचा आधार काढल्याने वा कमजोर झाल्याने शेजारच्या जमिनीचं किंवा इमारतीचं नुकसान झालं तर ते धरलेलं नाही, वेगळं एन्डॉर्समेंट असल्याशिवाय.

म्हणजे काय ते बघा. गल्लीत खोल चर खोदताना शेजारच्या घराला सगळ्यात मोठा धोका कुठला? रोलर आणि ब्रेकरचे हादरे, आणि पायाखालची माती सुटणं. नेमका तोच धोका मूळ पॉलिसीतून बाहेर.

एन्डॉर्समेंट ही काही परग्रहावरची वस्तू नाही. कर्जावर गाडी घेतली की पॉलिसीवर बँकेचं नाव चढतं, कर्ज फिटलं की उतरवून घ्यावं लागतं. गाडीला नंतर सीएनजी किट बसवलं तर पॉलिसीवर त्याची नोंद करावी लागते. हीच एन्डॉर्समेंट. सरकारी मराठीत 'पृष्ठांकन'. मूळ करारात बदल करणारं जोडपत्र. ते संरक्षण वाढवूही शकतं आणि कापूही शकतं. 'जोडपत्रं आहेत' म्हणजे विमा जास्त आहे, असं समजू नका. पावसाळ्यात पाणी काढायची, कामाची जागा सांभाळायची कडक अट घालणारंही जोडपत्र असतं. अट मोडली तर क्लेम अडतो.

गल्लीतल्या कामाला लागू पडणारी आणखी काही जोडपत्रं अशी.

जमिनीखालच्या केबल आणि पाईप: ठेकेदाराने खोदण्याआधी संबंधित खात्याकडून त्यांची नेमकी जागा विचारून घेतली असेल तरच भरपाई, अशी अट यात असते. आपल्याकडे पाण्याची लाईन कुठे आहे हे जेसीबीच्या दातालाच आधी कळतं.

क्रॉस लायबिलिटी: पॉलिसीवर पालिका, मुख्य ठेकेदार, पोटठेकेदार अशी अनेक नावं असतील, तर प्रत्येकाला जणू स्वतंत्र पॉलिसी दिली आहे असं धरतात. एकाने दुसऱ्याचं नुकसान केलं तरी 'तुम्ही सगळे एकच' असं म्हणता येत नाही.

देखभाल कालावधी: काम पूर्ण झाल्यावर दोषदायित्वाच्या काळात ठेकेदार दुरुस्तीला आला आणि त्या दुरुस्तीत कामाचंच काही मोडलं, तर ते धरायचं की नाही, हे यावर ठरतं.

आता कळीचा मुद्दा. काकूंच्या प्रकरणात कंपन आणि आधाराचं जोडपत्र नव्हतंच. पण असतं तर भिंत भरून निघाली असती का? मी ओळखीच्या एका विमा सर्व्हेअरला विचारलं. त्याने या जोडपत्राचा जगभर वापरला जाणारा मसुदा दाखवला, म्युनिक रे या जर्मन पुनर्विमा कंपनीचा. त्यातल्या अटी अशा: इमारत पूर्ण किंवा अंशतः कोसळली पाहिजे. काम सुरू होण्याआधी ती सुस्थितीत असली पाहिजे. ठेकेदाराने आवश्यक ती खबरदारी घेतलेली असली पाहिजे. कंपनीने सांगितलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने आधीच्या स्थितीचा अहवाल केला पाहिजे. आणि ज्याने इमारतीच्या मजबुतीला वा राहणाऱ्यांना धोका नाही, असं वरवरचं नुकसान मिळणार नाही.

म्हणजे नुसता तडा गेला असेल तर नाही, भिंत पडली तर हो. तीही आधी धड होती हे दाखवता आलं तर.

मी म्हटलं, मग लोकांनी करायचं काय? तो म्हणाला, "अहो, हा विमा लोकांसाठी नाहीच. ठेकेदाराच्या खिशासाठी आहे."

मला वाटतं सगळा घोळ इथेच आहे. पॉलिसी हा ठेकेदार आणि कंपनी यांच्यातला करार. नुकसान भरून देण्याची जबाबदारी त्या करारातून जन्मत नाही. ती निष्काळजीपणातून येते, आणि पॉलिसी असो वा नसो, ती राहतेच. शेजाऱ्याच्या जमिनीचा नैसर्गिक आधार काढून घेता येत नाही, हे तत्त्व आपल्याकडे 1882च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. जमिनीवरचं बांधकाम 20 वर्षं विनाअडथळा तो आधार घेत असेल तर त्यालाही हक्क मिळू शकतो, सरकारी जागेच्या बाबतीत मुदत जास्त आहे. जुन्या पेठेतली घरं तर आपल्या आजोबांच्या आधीची.

म्हणून "विम्यात बसत नाही" हे विमा कंपनीने ठेकेदाराला दिलेलं उत्तर आहे. काकूंना द्यायचं उत्तर ते नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की पैसे कंपनीच्या खिशातून येणार नाहीत, ठेकेदाराच्या खिशातून यावे लागतील. पण हे काकूंना कुणी सांगितलं नाही. त्या गप्प घरी परतल्या. अपघातात गाडीच्या विमा कंपनीला न्यायाधिकरणात थेट ओढता येतं, तशी वाट इथे सहसा नसते. क्लेम करायचा तो ठेकेदाराने. त्याने फाईल बंद केली की आपल्यासाठी दार बंद झाल्यासारखं वाटतं. तसं ते नसतं.

मग करायचं काय?

एक, चर खोदायच्या आधी आपल्या घराचे आतून-बाहेरून तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा. जुने तडेसुद्धा लपवू नका. सोबत पालिकेला पत्र द्या आणि पोहोच घ्या. हाच तुमचा 'आधीच्या स्थितीचा अहवाल'.

दोन, नुकसान झालं तर ठेकेदार आणि पालिका दोघांना त्याच आठवड्यात लेखी कळवा. तोंडी आश्वासनावर महिने घालवू नका. दाव्याला मुदती असतात, वकिलाला लवकर विचारा.

तीन, माहिती अधिकारात पॉलिसी मागताना "सर्व एन्डॉर्समेंटसह, सर्व पानांची प्रत" असंच लिहा. दहा रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर. एका पानावर समाधान मानू नका.

चार, हे नगरसेवकांसाठी. निविदेत नुसतं 'ठेकेदाराने विमा काढावा' लिहून भागत नाही. कुठली जोडपत्रं हवीत ते नावानिशी लिहा. दाट वस्तीत खोदायचं असेल तर आधी घरांची पाहणी, चराला आधार आणि तड्यांची दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने, हे करारातच घाला. विमा जिथे संपतो तिथून करार सुरू झाला पाहिजे.

पुढच्या टप्प्यातल्या गल्ल्यांची यादी पालिकेच्या फलकावर लागली आहे. त्या कामाची निविदा अजून निघालेली नाही, म्हणजे अट घालायला वेळ आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला हा एकच प्रश्न विचारा आणि काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. सगळी उत्तरं एकत्र करून सर्वसाधारण सभेआधी नावानिशी छापतो.