घर देऊन घर

श्रीवर्धन, मे महिना. या आठवड्यात मैत्रिणीचं कुटुंब आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आहे आणि आम्ही तिच्या वाडीतल्या घरात. तिच्या लेकीला कॉलेजं बघायची आहेत, आम्हाला समुद्र. भाड्याचा विषयच नाही.

युरोपातल्या शिक्षकांनी १९५३ मध्ये अशी अदलाबदल संघटितपणे सुरू केली. पगार बेताचा, सुट्टी लांब! आपल्याकडच्या शिक्षकांनाही हे सहज जमावं.

पण इथे नुसतं राहून चालत नाही. सकाळी पंप लावून पोफळींना पाणी सोडायचं, आळी भरली की पाट वळवायचा, पडलेल्या झावळ्या ओढून बाजूला ठेवायच्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. नवी पोफळ फळायला पाच-सहा वर्षं तरी घेते. म्हणून मैत्रिणीने किल्ली देताना आधी रोपं दाखवली, मग कपाटं. होमस्टेच्या पाहुण्याकडून कुणी ही अपेक्षा ठेवत नाही. माझ्याकडून ठेवली, याचा मला फार आनंद झाला.

तुमचं शहरातलं घर सुट्टीत बंद राहणार असेल, तर कोकणातल्या ओळखीच्यांना आधी विचारा. दवाखान्यासाठी, मुलांच्या प्रवेशासाठी मुंबई-पुण्यात चार दिवस टेकायला त्यांनाही जागा हवी असते.