लिहिणारे कामावर परतले

अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप २७ सप्टेंबर २०२३ रोजी मिटला. २ मे रोजी सुरू झालेला हा संप १४८ दिवस चालला आणि साडेअकरा हजार लेखक त्यात होते. आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रात ही बातमी आतल्या पानावर, थोडक्यात होती. आपल्या घरांत टीव्हीवर काय पाहावं, किती पाहावं, मुलांना किती पाहू द्यावं यावर पुष्कळ बोललं जातं, बोललंही पाहिजे. पण पडद्यावरचं माणूस जे बोलतं ते आधी कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. त्या लिहिणाऱ्याच्या हातात काय पडतं, हे आपण सहसा विचारत नाही. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. लिहिणं, लिहून घेणं आणि तपासणं यातच माझा दिवस जातो. त्यामुळे असेल, मी ही बातमी शेवटपर्यंत सोडली नाही.

संप सुरू झाला त्याच दिवसापासून तिथले रात्री उशिराचे गप्पांचे कार्यक्रम बंद पडले. ते त्या-त्या दिवसाच्या बातम्यांवर बेतलेले असतात. सकाळी लिहायचं, संध्याकाळी चित्रित करायचं आणि रात्री दाखवायचं. लिहिणारा नाही म्हटल्यावर जुने भाग लावण्यावाचून इलाज नव्हता. स्टीफन कोल्बेर, जिमी किमेल, जिमी फॅलन, सेथ मायर्स आणि जॉन ऑलिव्हर हे पाचही सूत्रसंचालक एरवी एकमेकांचे स्पर्धक. त्यांनी मिळून एक पॉडकास्ट काढला आणि त्याचं उत्पन्न घरी बसलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांना दिलं. उलट, ड्रू बॅरीमोर या अभिनेत्रीने सप्टेंबरमध्ये आपला कार्यक्रम लेखकांशिवाय सुरू करायचं ठरवलं. एवढी टीका झाली की काही दिवसांतच तिला बेत पुढे ढकलावा लागला. संप मिटल्यावर २ ऑक्टोबरला कोल्बेर आणि मंडळी परतली. मालिका मात्र परतल्या नाहीत, कारण जुलैपासून अभिनेतेही संपावर होते आणि त्यांचा संप ९ नोव्हेंबरला मिटला.

आमच्या घरात या सगळ्याची झळ पोहोचली ती 'ॲबट एलिमेंटरी' या मालिकेमुळे. माझी मुलगी बारावीला आहे. तिनेच मला ही मालिका मोबाइलवर लावून दिली. 'अम्मी, तुमच्या शाळेचीच गोष्ट आहे,' म्हणाली. फिलाडेल्फियातली एक सरकारी शाळा, पैशांची कायमची टंचाई आणि स्वतःच्या खिशातून वर्गासाठी सामान आणणाऱ्या शिक्षिका. इंग्रजी मला पुरतं समजत नाही, पण खडूचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवणारी बाई कोणत्याही भाषेत ओळखू येते! ही मालिका क्विंटा ब्रन्सन यांनी निर्माण केली. त्या स्वतः लिहितात आणि मुख्य भूमिकाही करतात. त्यांच्या आई बालवाडीच्या शिक्षिका होत्या आणि शाळेचं नाव त्यांनी आपल्या सहावीच्या शिक्षिकेवरून ठेवलं. दुसऱ्या हंगामात २२ भाग होते. तिसरा हंगाम ७ फेब्रुवारी २०२४ ला आला आणि त्यात १४ भाग आहेत. मधला खंड त्यांनी गोष्टीतच बसवला आहे. ही मालिका म्हणजे शाळेवर बनत असलेला माहितीपट, अशी तिची कल्पना आहे. त्या माहितीपटवाल्यांचं सामान चोरीला गेलं, म्हणून पाच महिने चित्रीकरण झालं नाही! आम्ही दोघी खूप हसलो. संपाचं नावही न घेता संपाचा हिशोब दिला होता.

आता मूळ मागणीकडे. तिथे पूर्वी एखादा भाग वाहिनीवर पुन्हा दाखवला की लेखकाला पुन्हा काही रक्कम मिळायची. एक काम संपून दुसरं मिळेपर्यंत लेखकाचं घर त्यावर चालायचं. मोबाइल आणि इंटरनेटवरचे मंच आले आणि हे गणित बिघडलं. मालिका लाखोंनी पाहिली काय किंवा कुणीच पाहिली नाही काय, लेखकाला ठरावीक रक्कम. किती जणांनी पाहिली तो आकडा कंपनी सांगणार नाही. शिवाय लेखकांची संख्या आणि त्यांचे आठवडे दोन्ही कमी केले गेले. नव्या करारात दर वाढले. एका मालिकेसाठी किमान किती लेखक ठेवायचे हे ठरलं. मालिका पहिल्या ९० दिवसांत त्या मंचाच्या देशातल्या २० टक्के ग्राहकांनी पाहिली तर लेखकाला जादा रक्कम आणि पाहण्याच्या तासांचे आकडे संघटनेला दाखवण्याचं बंधन. ८,४३५ लेखकांनी कराराच्या बाजूने मत दिलं, ९० जणांनी विरोधात.

मी हे वाचत होते तेव्हा माझ्यासमोर एक सरावपुस्तक होतं. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका प्रकाशकाला मी ते लिहून दिलं होतं, उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी मराठीचं. पैसे एकरकमी मिळाले, तीच पद्धत होती. पुस्तकावर नाव 'अनुभवी शिक्षक मंडळ'. त्या मंडळात मी एकटीच. दर जूनमध्ये ते नव्या मुखपृष्ठासह बाजारात येतं आणि माझेच विद्यार्थी ते विकत घेऊन माझ्या वर्गात येतात.

नाव आणि मोबदला, दोन्हींसाठी लिहिणाऱ्याला झगडावंच लागतं, हे आपल्या मुंबईलाही नवं नाही. १९७३ मध्ये 'जंजीर' आला तेव्हा पोस्टरवर लेखकांचं नाव टाकायची रीत नव्हती. सलीम-जावेद यांनी रंगारी गाठला आणि मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली. पुढे राज्यसभेत गेल्यावर जावेद अख्तर यांनी लेखक-गीतकारांच्या हक्कांची बाजू मांडली आणि २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. चित्रपटगृहाबाहेर चित्रपटाचा वापर झाला तर लेखकाचा रॉयल्टीचा वाटा कुणाला लिहून घेता येत नाही, असं तो कायदा सांगतो. कायदा झाला, पण अमेरिकेसारखा कंपन्यांना बांधणारा किमान दराचा करार इथल्या लेखकांकडे नाही.

अमेरिकेतल्या करारात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलचं कलम. संपाआधी लेखकांनी हा विषय काढला तेव्हा कंपन्या म्हणाल्या, वर्षातून एकदा बसून तंत्रज्ञानावर चर्चा करू. लेखकांची भीती साधी होती. कंपनी यंत्राकडून कच्चा मसुदा काढून घेईल, लेखकाला म्हणेल 'जरा नीट करून द्या', आणि पैसे देईल फक्त दुरुस्तीचे. करारात ठरलं की यंत्राने काढलेला मजकूर हे मूळ लेखन धरलं जाणार नाही. दिलेल्या कागदात यंत्राचा मजकूर असेल तर लेखकाला सांगावं लागेल. लेखकाला हवं असेल तर कंपनीच्या संमतीने तो यंत्र वापरू शकेल, पण सक्ती करता येणार नाही. यंत्रावर बंदी नाही हे मला पटतं. माझे विद्यार्थीही निबंध मोबाइलवरून उतरवून आणतात. मी त्यांना ओरडत नाही, 'यातली तुझी ओळ कोणती?' एवढंच विचारते.

संपाने सगळ्यांचं भलं झालं असंही नाही. सेटवरचे सुतार, रंगभूषाकार, गाडीचालक या सर्वांनी ते महिने पगाराविना काढले. काम सुरू झाल्यावरही पूर्वीइतक्या मालिका निघाल्या नाहीत. ज्याचा करार नव्हता त्याचीही चूल त्या दिवसांत थंड होती. संप मिटल्याच्या आनंदात हे कुणी फारसं लिहिलं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच प्रकाशकाकडून फोन आला. आठवीच्या नव्या सरावपुस्तकाचा मजकूर 'तयार आहे' म्हणाले. कसा तयार झाला ते विचारल्यावर संगणकाने काढल्याचं कळलं. 'मॅडम, तुम्ही फक्त एकदा नजर फिरवा. पूर्वीच्या दराच्या चौथाई देऊ.' नमुन्याची दहा पानं मी मागवून घेतली. वाक्यं शुद्ध होती. पण ज्या मुलाच्या घरात मराठी बोललीच जात नाही, तो 'मी पाणी पिली' का लिहितो आणि त्याला तिथून कसं बाहेर काढायचं, याचा त्या दहा पानांत पत्ता नव्हता. ती नजर फिरवायची गोष्ट नव्हती, नव्याने लिहायची होती.

मी कळवलं, की लिहायचे पूर्ण दर, पुस्तकावर माझं नाव आणि दर आवृत्तीला काही रक्कम. 'मॅडम, तुम्हीपण संपावर का?' असं हसून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, माझ्याबरोबर साडेअकरा हजार माणसं असती तर गेले असते. मुलगी शेजारीच बसून ऐकत होती. तिला पुढे मालिका लिहायच्या आहेत. तिच्या अब्बूंना ते अजून मान्य नाही, मलाही पूर्ण नाही. फोन ठेवल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल, तर अमेरिकेतला हा करार कधीपर्यंत आहे. मी सांगितलं, १ मे २०२६ पर्यंत.

परवा प्रकाशकाचा निरोप आला. नाव टाकायला तयार आहेत. आवृत्तीच्या रकमेबद्दल अजून बोलणं चालू आहे.