जुन्या बिलाचा दर

4 सप्टेंबर 2025
काल रात्री बातमी आली. जीएसटीचे 12 आणि 28 चे टप्पे जाणार, 22 तारखेपासून. घटस्थापना त्याच दिवशी. माझं बिलिंग सॉफ्टवेअर नऊ दुकानांत चालतं. सोनाळा, टुनकी, वरवट बकाल, संग्रामपूर, तेल्हारा. ठिबक 12 वरून 5. सूक्ष्म अन्नद्रव्यं 5. निंबोळीची औषधं 5. रासायनिक कीटकनाशकं 18 वरच. खत आधीपासूनच 5. सिमेंट 28 वरून 18. यादी वहीत उतरवली.

6 सप्टेंबर
विसर्जन. खिडक्या हादरत होत्या. काम नाही.

11 सप्टेंबर
पुण्याच्या एका कंपनीला 28 जुलैला बिल दिलं. करारात 45 दिवस. आज भरले. उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापलेला आहे. फोन केला. अकाउंट्सवाले सुट्टीवर.

14 सप्टेंबर
दिवसभर पाऊस. सातपुडा दिसेना. नवे दर टाकून पंचवीस बिलं काढली. सगळी बरोबर.

17 सप्टेंबर
इन्व्हर्टरची बॅटरी गेली. पुण्याच्या पैशांतून घ्यायची होती.

21 सप्टेंबर
दुकानं बंद झाल्यावर एकेक काँप्युटर रिमोटने उघडून दर बदलले. टुनकीला नेट नव्हतं, मोटारसायकलने गेलो. परतलो तेव्हा दीड वाजला होता.

22 सप्टेंबर
वरवटहून पहिल्या बिलाचा फोटो आला. 5 टक्के. बरं वाटलं. आईने घट बसवला.

24 सप्टेंबर
दुपारी टुनकीच्या कृषी केंद्रातून फोन. आवाज वेगळा. लगेच गेलो. काउंटरपाशी एक म्हातारे शेतकरी, हातात ओली पिशवी. संत्र्याच्या बागेत ऑगस्टमध्ये ठिबक घेतलं, बिल पावसात भिजलं. अनुदानासाठी महाडीबीटीवर चढवायला दुसरी प्रत हवी होती. दुकानदाराने काढून दिली. भिजलेल्या बिलावर 12 टक्के, नव्या प्रतीवर 5. एकूण रकमाही वेगळ्या.

"भाऊ, कागद एक म्हन्ते, मशीन एक म्हन्ते. म्या कोनाचं ऐकू?"

उत्तर देता आलं नाही. अल्पभूधारकाला ठिबकावर 80 टक्के अनुदान आहे. बिल जुळलं नाही तर फाइल अडते.

चूक माझी. बिलात दर साठवतच नव्हतो. छापताना वस्तूंच्या यादीतून उचलत होतो. यादी बदलली आणि मागची सगळी बिलं बदलली. नऊही दुकानांत. 14 तारखेला एकही जुनं बिल उघडून पाहिलं नाही. कार्बन कॉपीवर लिहिलेलं लिहिलेलंच राहायचं.

नऊ जणांना फोन केले. जुनं बिल छापू नका म्हणालो. कोणी ओरडलं नाही. त्यानेच जास्त लागलं.

25 सप्टेंबर
प्रत्येक ओळीला दराचा कॉलम जोडला. दराला लागू तारीख. 21 च्या बॅकअपमधून जुने दर परत भरले. दोनदा वीज गेली. आठ दुकानं झाली.

26 सप्टेंबर
टुनकीचा पेनड्राइव्ह रिकामा. दुकानदार बॅकअप घेत होता म्हणे, पण मार्चपासून काही चढलंच नव्हतं. तेही मी कधी तपासलं नाही. आता बिलांच्या फाइली काढून एकेक दर हाताने. दुकानदाराचा मुलगा वाचतो, मी टाकतो.

27 सप्टेंबर
तेच. रात्री दहाला संपलं.

28 सप्टेंबर
म्हाताऱ्यांच्या घरी प्रत घेऊन गेलो. त्यांनी भिजलेलं बिल शेजारी ठेवलं, बोट फिरवत आकडा आकडा ताडून पाहिला. चहा झाला. बागेत नेलं. आंबिया बहाराची गळ चालू आहे, झाडाखाली हिरव्या फळांचा सडा. त्यांनी दोन फळं उचलली, फिरवून पाहिली, परत टाकली. ठिबकाच्या नळ्या नव्याकोऱ्या, काळ्या.

30 सप्टेंबर
पुण्याहून पैसे आले. 10 टक्के टीडीएस कापून. बॅटरी सांगितली.

1 ऑक्टोबर
म्हाताऱ्यांचं बिल चढलं. पुढे तपासणी.

2 ऑक्टोबर
दसरा. टुनकीच्या दुकानात काँप्युटरला झेंडूचा हार. दुकानदाराने तराजूला कुंकू लावलं, मग पेनड्राइव्हला. आधी तो लावून फाइल उघडून दाखवली. कालची तारीख होती.