मागणी अडते कुठे?

मोटारीत चालकाचा डावा हात गिअरच्या दांड्यावरून सहज जिथे उतरतो, तिथे अलीकडच्या अनेक गाड्यांमध्ये एक बटण किंवा फिरवायची गोल नॉब असते आणि तिच्यावर इको, सिटी, स्पोर्ट अशी किंवा यांच्याशी मिळतीजुळती नावे उमटवलेली असतात. भारतात ही सोय एकेकाळी महागड्या गाड्यांपुरतीच होती. 2014 मध्ये टाटा झेस्टच्या पेट्रोल गाडीत असे तीन मोड आले आणि 2017 मध्ये, पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनबरोबर, ती नॉब मध्यमवर्गाच्या रोजच्या वापरातली वस्तू झाली. मोड म्हणजे गाडीच्या वागण्याची आधीच आखून ठेवलेली रीत. इको मोडमध्ये पेडल निम्मे दाबले तरी इंजिन हात राखून ताकद देते, सिटी मोड मधली चाल धरतो आणि स्पोर्ट मोडमध्ये तेवढ्याच दाबाला इंजिन झेप घेते; ऑटोमॅटिक गिअर असेल तर तो उशिरा बदलतो आणि काही गाड्यांत स्टिअरिंगही किंचित जड होते. इंजिन तेच, चाके तीच, इंधन तेच. बोटाच्या एका हालचालीसरशी गाडीचा स्वभाव मात्र पालटतो, आणि या पालटण्यात एक खराखुरा आनंद आहे, जो वेगाच्या आकड्यांत मावत नाही.

हा आनंद बोटाशी थेट जोडलेला वाटतो, पण तसा तो नसतो. मुंबईच्या कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीचा चालक थंडीच्या सकाळी चोक ओढत असे, तेव्हा चोकमागची तार ताणली जाई, तारेच्या दुसऱ्या टोकाला कार्ब्युरेटरमधील मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढे आणि कुरकुरणारे इंजिन पकड घेई. ओढलेल्या तारेचा ताण ओढणाऱ्या हातालाच कळे. तार गंजली तर चोक जड येई, तुटली तर तो सैल हातात येई, आणि बिघाडाची पहिली खबर तळहाताला लागे. आजच्या मोड स्विचमागून इंजिनापर्यंत अशी ओढायची तार जात नाही. नॉब फिरते, आतला एक बारीकसा संपर्क मिटतो आणि नॉबचे काम तिथेच संपते. तिने फक्त एक मागणी नोंदवलेली असते.

ती मागणी पुढे कोणाकोणाच्या हाती जाते हे ध्यानात आल्याशिवाय या स्विचच्या बिघाडाचे निदान करता येत नाही. स्विचजवळचा कंट्रोल युनिट, म्हणजे ठरावीक कामांवर देखरेख करणारा लहानसा संगणक, संपर्क मिटल्याचे ओळखतो. धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणून एका दाबाचे अनेक दाब समजले जाऊ नयेत यासाठी तो किंचित थांबतो, आणि मग ती मागणी गाडीच्या सामाईक तारांवर संदेश म्हणून सोडतो. या सामाईक तारांच्या व्यवस्थेला कॅन म्हणतात. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, आणि त्यांच्यावरून इंजिन, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग व डॅशबोर्डवरचे मीटर यांचे संगणक परस्परांशी बोलतात. जर्मनीतील बॉश कंपनीने 1983 मध्ये या पद्धतीवर काम सुरू केले आणि 1986 मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे, मोटार अभियंत्यांच्या परिषदेत, ती जगापुढे मांडली. तिच्यातील सर्वांत देखणी गोष्ट अशी, की दोन संगणक एकाच क्षणी बोलू लागले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान त्याचा संदेश अखंड पुढे जातो, आणि दुसरा आपण होऊन गप्प राहतो व वाट मोकळी झाली की पुन्हा बोलतो. मध्यस्थ लागत नाही आणि कोणाचाही शब्द वाया जात नाही. तातडीच्या कामांना लहान क्रमांक देण्याची रीत असल्याने मोडची मागणी ब्रेकच्या निरोपाला वाट देऊन मागे थांबते. त्यानंतर इंजिनाचा संगणक तिची छाननी करतो, पेडलच्या दाबाला किती ताकद द्यायची याचा दुसरा तक्ता लागू करतो आणि मीटरवर नवे नाव उजळते. हे सारे पापणी लवण्याच्या आत होते.

इतक्या लांबच्या वाटेवर मागणी कुठेही अडू शकते, पण संशय मात्र नॉबवरच येतो, कारण या सगळ्या वाटेतली तेवढी एकच वस्तू माणसाच्या बोटाच्या ओळखीची असते. ‘स्विच गेला’ हा निकाल त्यामुळे फार लवकर दिला जातो. नवा स्विच बसतो, तो बसवताना तारांचा कपलर, म्हणजे तारांच्या टोकांची प्लॅस्टिकची जोडणी, निघून पुन्हा बसते, तेवढ्यानेच सैल पडलेली पिन काही दिवस धरते, आणि मग एखाद्या खड्ड्यात तीच तक्रार पुन्हा जागी होते. अशा कामाला दुरुस्ती म्हणणे कठीण आहे. त्यात मालकाचे पैसे जातात, धडधाकट स्विच भंगारात जातो आणि मूळ बिघाड गाडीतच राहतो. शिवाय कारागिराच्या पदरात काहीही शिकणे पडत नाही, आणि ही शेवटची हानी सर्वांत मोठी आहे.

निदानाला आरंभ विचारपुशीने होतो. मोड कधीच बदलत नाही की अधूनमधून बदलत नाही, सगळेच मोड अडतात की एकच, पावसाळी सकाळी की उन्हात तापलेल्या गाडीत, गाडी धुतल्यानंतर की घाटातल्या हादऱ्यांनंतर, यांतील प्रत्येक उत्तर वेगळ्या दिशेला बोट दाखवते. स्पोर्ट लावल्यावर मीटरवर स्पोर्ट उजळते पण गाडी उठत नाही, अशी तक्रार असेल तर स्विच बहुतांशी निर्दोष ठरतो, कारण त्याची मागणी पोहोचल्याची पावती मीटरने दिलेली असते, आणि शोध इंजिनाकडे वळवावा लागतो. त्याच पट्टीवरची इतर बटणेही मेली असतील, किंवा रात्री त्यांच्यामागचा उजेड लागत नसेल, तर एका स्विचपेक्षा सर्वांचा सामाईक फ्यूज किंवा सर्वांचे सामाईक अर्थिंग, म्हणजे प्रवाहाची परतीची वाट, आधी तपासणे शहाणपणाचे असते.

मागणी न पोहोचणे आणि मागणी नाकारली जाणे यांतील भेदही इथेच ओळखावा लागतो. काही गाड्यांत इंजिन पुरेसे तापलेले नसताना किंवा इंजिनाचा इशारादिवा पेटलेला असताना संगणक स्पोर्ट मोड देतच नाही. बिघाड वाढू नये म्हणून त्याने गाडीला कमी ताकदीवर ठेवलेले असते, ज्याला गॅरेजमध्ये लिंप मोड म्हणतात. अशा वेळी नॉब कितीही फिरवली तरी काही होत नाही, आणि ते तसेच व्हायला हवे. बॅटरीकडेही आधी पाहून घ्यावे. विश्रांतीत असलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टच्या आसपास असतो आणि इंजिन चालू झाल्यावर तो साधारण 13.8 ते 14.4 पर्यंत चढतो. दाब पडलेला असेल तर संगणकांच्या चमत्कारिक वागण्याला दुसरे कारण शोधू नये.

यानंतर स्कॅनरची पाळी येते. अमेरिकेत 1996 पासूनच्या मोटारींना आणि भारतात 2013 च्या एप्रिलपासून ओबीडी-2 ही व्यवस्था सक्तीची झाली, म्हणजे गाडीने आपल्या बिघाडांची स्वतः नोंद ठेवायची आणि ती स्टिअरिंगखालच्या 16 खणांच्या जोडातून कोणालाही वाचता यावी. या कायद्याचा रोख धुरावर होता, त्यामुळे स्वस्तातला स्कॅनर मुख्यतः इंजिनाच्या नोंदी वाचतो आणि मोड स्विच ज्याच्या ताब्यात आहे त्या संगणकाशी त्याची ओळखच नसते. ‘स्कॅनरमध्ये काही दाखवत नाही’ या वाक्यावर पुष्कळ निदाने अडखळतात ती यामुळे. योग्य स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे संगणकाला त्या घडीला काय कळते आहे त्याचे थेट दर्शन, उघडावा आणि एकाने पडद्याकडे पाहत असताना दुसऱ्याने नॉब फिरवावी. पडद्यावरची नोंद बदलली तर स्विच, त्याच्या तारा आणि कपलर एका क्षणात संशयातून सुटतात; बदलली नाही तर पुढचे सारे संगणक सुटतात आणि शोध वीतभर जागेत येतो. लांब वाटेचे असे दोन भाग करून एक भाग निर्धास्तपणे सोडून देता येणे, यात या विद्येचे खरे सौंदर्य आहे.

त्या वीतभर जागेत उतरल्यावर स्विचचे अंतरंग पाहण्यासारखे असते. प्लॅस्टिकची पट्टी नाजूक खाचांवर बसवलेली असते आणि धातूच्या पेचकसाने उचकटली तर खाचा मोडतात, म्हणून प्लॅस्टिकचेच पाते वापरतात. त्याच्या आधी बॅटरीची ऋण तार सोडून काही मिनिटे थांबणे अत्यंत आवश्यक असते, कारण गिअरच्या दांड्याखालच्या मध्यभागी बहुधा एअरबॅगचा संगणक बसवलेला असतो. नॉब उघडल्यावर कधी रबराच्या इवल्याशा घुमटाखाली कार्बनची काळी टिकली दिसते, तर कधी फिरत्या चकतीवरचे धातूचे बोट. आणि आपल्याकडे बऱ्याचदा दिसतो तो चहाचा वाळलेला तपकिरी ओघळ, ज्यातल्या साखरेने टिकलीची कड धरून ठेवलेली असते. दमट हवेत एखाद्या पिनेच्या मुळाशी हिरवट पापुद्रा धरलेला असतो.

अनेक गाड्यांत प्रत्येक मोडसाठी वेगळी तार नसते. एकाच तारेवर वेगवेगळे रोध, म्हणजे प्रवाहाला मोजून अडथळा करणारे घटक, बसवलेले असतात आणि संगणक त्या तारेवरचा दाब वाचून मोड ओळखतो. समजुतीसाठी आकडे घ्यायचे तर, संगणकाच्या बाजूला 5 व्होल्ट आणि 1,000 ओहमचा रोध आहे, इकोसाठी स्विचमध्ये 1,000 ओहम आणि स्पोर्टसाठी 330 ओहम आहेत असे धरू. मग इकोला 2.5 व्होल्ट आणि स्पोर्टला सुमारे 1.24 व्होल्ट दिसतील. संपर्कावरच्या मळामुळे केवळ 200 ओहमची भर पडली, तर स्पोर्टचा दाब 1.73 व्होल्ट होतो, म्हणजे ना धड स्पोर्ट ना धड इको, आणि संगणक अशी संदिग्ध मागणी बाजूला ठेवतो. स्विच मेलेला नसतो. त्याचे बोलणे अस्पष्ट झालेले असते.

हा मळ साचतो कसा, याचे उत्तर विलक्षण आहे. जुन्या मोटारींत दिव्याचा सगळा प्रवाह स्विचमधून जाई. 60 वॉटच्या दिव्याला 12 व्होल्टवर 5 अँपिअर लागतात, आणि एवढ्या प्रवाहाने उडणारी बारीक ठिणगी संपर्कावरचा मळाचा थर दर वेळी जाळून टाके, रोज घासल्या जाणाऱ्या तांब्याच्या भांड्यावर काळेपणा धरत नाही तसे. वरच्या हिशेबातल्या मोड स्विचमधून जेमतेम 2.5 ते 4 मिलिअँपिअर जातात, म्हणजे हजारपटींहून कमी. एवढ्याशा प्रवाहाला ऑक्सिडेशनचा पातळ पापुद्राही भेदता येत नाही. कष्ट करणारा संपर्क स्वच्छ राही. केवळ निरोप देणारा संपर्क निगराणीवाचून गढूळ होतो, आणि ज्या नॉबला वर्षानुवर्षे कोणी हात लावला नाही ती या कारणाने अधिक लवकर रुसते.

स्विच स्वच्छ निघाला तर तारा पाहाव्या लागतात आणि इथे मल्टिमीटर फसवू शकतो. तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट अखंड आहे का, हे बीप वाजवून सांगणारी कंटिन्यूटीची चाचणी, दहा धाग्यांपैकी एकच धागा शाबूत असला तरी होकार देते. म्हणून तार जोडलेली आणि चालू असतानाच तिच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक मोजावा, तारांची जुडी हलवत हलवत वाचन पाहावे, आणि पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली जागा डोळ्यांनी शोधावी. जुनाट टेस्ट लॅम्प या तारांना लावू नये; तो संगणकाला इजा करू शकतो. कॅनच्या तारांची तपासणी त्या मानाने सरळ आहे: बॅटरी सोडून ओबीडी जोडाच्या 6 आणि 14 या खणांमध्ये रोध मोजला असता, तेथे इंजिनाची कॅन जोडलेली असलेल्या बहुतेक गाड्यांत तो 60 ओहमच्या आसपास यावा, कारण दोन टोकांना 120 ओहमचे दोन रोध समांतर बसवलेले असतात. 120 आले तर एक टोक तुटलेले आहे.

बिघाड सापडल्यावर, ज्या परिस्थितीत तो दिसत होता त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा चालवून पाहिल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये. घाटात अडणारा मोड गॅरेजच्या सपाट फरशीवर सिद्ध होत नाही. गाडी मालकांना एवढीच विनंती आहे, की गाडी देताना ‘स्विच बदला’ असे सांगू नये. मोड कधी, कोणत्या हवेत आणि कशावरून कशावर जाताना अडला ते कागदावर लिहून द्यावे, नव्या स्विचला होकार देण्यापूर्वी लाइव्ह डेटा समोर दाखवायला सांगावे, काढलेला भाग परत मागावा, आणि कारागिराने शोधण्यात घालवलेल्या तासाची मजुरी बिलात वेगळी लावली असेल तर ती कुरकुर न करता द्यावी.