बोळ्याने पाजलेले दूध

वैशाख उतरणीला लागला की पेठ परिसराला वळवाचा पाऊस झोडपून काढतो. अशाच एका संध्याकाळी बाजारातील भुसार दुकानामागच्या आंब्याची फांदी मोडली आणि खारीचे घरटे खाली आले. घरट्यात दुकानातल्याच पोत्यांची सुतळी होती आणि त्या सुतळीत मिटल्या डोळ्यांची तीन पिल्ले.

सासूबाईंनी ती उचलली. पाखरांना दाणे टाकल्याशिवाय ज्यांचा दिवस उगवत नाही, पर्युषणात पांजरापोळाची पावती ज्या सर्वांआधी फाडून घेतात, त्यांनी दुसरे काय करावे? गाईचे दूध कोमट केले, कापसाचा बोळा भिजवला आणि एकेकाच्या तोंडाशी धरला. पहाटे एक पिल्लू गेले, दुपारी दुसरे. "आयुष्य तेवढेच होते त्यांचे," सासूबाई म्हणाल्या. थोरल्या सुनेने वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन केला आणि तिसरे पिल्लू छातीशी धरून, सावळघाट ओलांडून ती नाशिकला म्हसरूळच्या वन्यजीव उपचार केंद्रात पोहोचली. म्हसरूळ म्हणजे या घराला आजवर फक्त गजपंथाची यात्रा.

तेथे पिल्लाला लगेच दूध मिळालेच नाही. आधी ऊब, मग क्षारयुक्त पाण्याचे थेंब, आणि अंग पुरते गरम झाल्यावरच दूध. तेही गाईचे नव्हे, अशा पिल्लांना सोसेल अशा भुकटीचे. गार पडलेल्या देहाला दूध पचत नाही. गाईच्या दुधाने जुलाब होतात. उताणे धरून पाजले, तर दूध फुप्फुसात उतरते. आणि बोळ्याने किती गेले, ते तर कळतच नाही. सून ऐकत राहिली. घरी मात्र तिने यातले अक्षरही काढले नाही.

मुलांच्या शिक्षणासाठी पंचवटीत बिऱ्हाड होते, म्हणून केंद्रात सेवा करणे तिला जमले. पिल्लू पालथे धरायचे, सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब दूध द्यायचे. मग ओल्या कापसाने पोटाखाली हलके पुसायचे, कारण आईने चाटल्याशिवाय इतक्या लहान पिल्लाला लघवीही होत नाही. रोज वजन. व्यापाऱ्याच्या घरच्या बाईला तराजूचे काय नवल! पण एका ग्रॅमसाठी जीव टांगणीला लागण्याची तिची ही पहिलीच वेळ.

तिचा चौविहार होता. सूर्यास्तानंतर स्वतः पाण्याचा थेंबही न घेणारी ती, रात्री नऊच्या पाळीला पिल्लाचे दूध मोजत असे. हे सासूबाईंच्या कानावर गेले, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाज. व्रत तुझे आहे, त्याचे नाही."

सुमारे तीन आठवड्यांची झाली की खारीच्या पिल्लांचे डोळे उघडतात. पुढे दूध कमी झाले. पेरू, कोवळी पाने, दाणे आले. मग पिंजरा झाडीलगत गेला आणि तिला बोलणे थांबवायला सांगितले, कारण माणसाला न भिणारी खार मांजरापुढे टिकत नाही. हेच सर्वांत कठीण गेले. पांजरापोळात आलेले जनावर अखेरपर्यंत सांभाळायचे असते. इथे मात्र त्याने आपल्याला विसरावे म्हणून खपायचे. श्रावणात उघडीप पाहून दार उघडले. खार दोन दिवस दाण्यांसाठी परत आली. तिसऱ्या दिवशी आली नाही.

संवत्सरीला सून पेठेला गेली. "त्या दोघांनाही तू वाचवले असतेस का ग?" सासूबाईंनी विचारले. त्या दिवशी तिला खोटे बोलवेना. तिने दुधाचे सांगितले.

"म्हणजे माझ्याच हाताने."

"आई, तुम्हाला ठाऊक नव्हते."

"ठाऊक नसले म्हणजे लागत नाही, असे कोणी सांगितले तुला?"

त्या संध्याकाळी प्रतिक्रमण संपून सगळ्या बायका उठल्या, तरी सासूबाई बसूनच होत्या.

पुढच्या चैत्रात त्याच आंब्याखाली पुन्हा एक पिल्लू पडले. सुनेला त्यांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. मग गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली, तीवर पिल्लू निजवले, टोपली खालच्या फांदीला बांधली आणि मांजरासाठी काठी घेऊन त्या दूर ओट्यावर बसल्या. शेजारीण म्हणाली, "अहो, थोडे दूध तरी?" त्यांनी मान हलवली. बाटलीतले पाणी दोनदा बदलले. ऊन कलल्यावर मादी खोडावरून खाली आली, थबकली, वर पळाली, पुन्हा आली. तिने पिल्लू तोंडात धरले आणि पानांत दिसेनाशी झाली.

सूर्यास्ताला थोडा वेळ उरला होता. सासूबाई आत जाऊन पाणी प्यायल्या.